मराठी चित्रपटांवरचे माझे छोटे अभिप्राय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी चित्रपटांवर चार-सहा ओळींचे अभिप्राय लिहिते. त्यावर वाचकांची पत्रं येतात आणि त्यात फिरून फिरून तेच प्रश्न असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं आता जमत नाही, म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून काढली. ओघात बऱ्याच चित्रपटांवरचं माझं मतही आलं आहे.

इतक्या थोडक्यात चित्रपटाचा निकाल कसा लावता?

मी चित्रपट दोनदा पाहते. दुसऱ्यांदा पाहताना मी एक दृश्य शोधते, ज्यात तो चित्रपट पूर्ण ताकदीनिशी उभा आहे किंवा जिथे त्याचा तोल गेला आहे. मग त्या दृश्याबद्दलच लिहिते. कथा काय, नट कोण, गाणी किती, हे वाचकाला कुठेही मिळतं. एखाद्या माणसाला दिग्दर्शकाने किती जवळून आणि किती खरं पाहिलं, हे मात्र दृश्यातच कळतं. असं एकही दृश्य सापडलं नाही, तर चित्रपटाने कोट्यवधींचा गल्ला जमवला असला तरी माझ्याकडे त्याच्यासाठी एकच ओळ असते.

तारे का देत नाही?

कारण साडेतीन ताऱ्यांचा अर्थ मला स्वतःला कळत नाही. ‘कुंकू’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ एकाच मापात कसे मोजायचे?

जुने चित्रपट पाहायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

‘संत तुकाराम’पासून. 1936 सालचा, प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलालांचा. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली, आणि मुंबईत तो वर्षाहून जास्त काळ चालला. पण हे सगळं विसरून पाहा. संतपट म्हटला की भाबडा असणार, असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं. मग जिजाई आली. गौरी या नटीने जी जिजाई उभी केली आहे, तशी बाई मराठी पडद्यावर मला पुन्हा फार क्वचित दिसली. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेलं, आणि नवरा भजनात. ती वहाण हातात घेते आणि थेट देवळात जाऊन विठोबालाच जाब विचारते. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम इतका मऊ, इतका आतून उजळलेला आहे की त्याच्यासमोर ही रोखठोक बाई नसती तर चित्रपट हवेत तरंगला असता. शेवटी वैकुंठाचं बोलावणं येतं तेव्हाही तिची पोरं आणि तिची चूल तिला सुटत नाही. भक्तीची आणि संसाराची बाजू दोघांचीही खरी वाटावी, हे फार अवघड काम आहे.

या चित्रपटातलं ‘आधी बीज एकले’ हे पद कित्येकांना तुकोबांचाच अभंग वाटतं. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे. केशवराव भोळ्यांची चाल आणि पागनीसांचा गळा यांच्यात ते असं मुरलं आहे की शंकासुद्धा येत नाही.

त्यानंतर ‘कुंकू’ (1937, व्ही. शांताराम). ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली मुलगी त्याला नवरा मानायला नकार देते, एवढीच गोष्ट. पाहताना कान उघडे ठेवा. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच: भांडी, पावलं, दारं, भिंतीवरचं जुनं घड्याळ. त्या शांततेत शांता आपट्यांचा नकार आणखी धारदार होतो. आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब खलनायक नाहीत, हे चित्रपटाचं मोठेपण. आपण काय करून बसलो आहोत हे त्या म्हाताऱ्याला हळूहळू उमगत जातं आणि आपल्याला त्याचीही दया येते. त्यांच्या सुधारक मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलं आहे. पुढे कुटुंबनियोजनासाठी आयुष्य वेचणाऱ्या त्याच शकुंतलाबाई.

‘शेजारी’ (1941) तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. जिवबा आणि मिर्झा, बुद्धिबळाच्या पटावर बसणारे दोन म्हातारे, आणि धरणाच्या ठेकेदाराने त्यांच्यात घातलेली फूट. धरण फुटतं तो भाग आजही अंगावर येतो. मला मात्र त्याच्याआधीचा अबोला जास्त लागतो. दोघांची घरं जवळजवळ आणि बोलणं बंद.

हे चित्रपट चांगल्या प्रतीत मिळतात का?

काही मिळतात, काहींच्या प्रती झिजलेल्या आहेत. जुन्या फिल्म नायट्रेटवर असायच्या आणि नायट्रेट चटकन पेट घेतं. 2003 च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्यात प्रभातच्याही मूळ फिल्म होत्या. जे उरलं आहे ते प्रत थोडी धूसर असली तरी पाहा. आवाज खरखरत असेल तर हेडफोन लावा, पागनीस त्या खरखरीतूनही पोचतात.

‘श्यामची आई’ आजच्या मुलांना दाखवावा का?

दाखवावा, पण शेजारी बसून. अत्र्यांचा हा चित्रपट (1953) पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळवून गेला. त्यातली आई मारते, रागावते, आणि नंतर स्वतःच कळवळते. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती फोकाने झोडते तेव्हा आजचं मूल हमखास विचारतं, ‘ती चांगली आई आहे ना, मग मारते का?’ त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. वनमालाबाईंनी ती आई देव्हाऱ्यात बसवलेली नाही. गरिबीने पिचलेली, मानी बाई आहे ती. म्हणून इतक्या वर्षांनीही ती जिवंत वाटते.

मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ आधी दाखवा. वडील गेलेले, आईची बदली कोकणात, आणि नव्या गावात एकटा पडलेला चिन्मय. पावसात मित्र त्याला किल्ल्यावर मागे टाकून निघून जातात, त्या प्रसंगाला मुलं श्वास रोखून बसतात. बर्लिनच्या महोत्सवात त्याला मुलांच्याच ज्युरीने पुरस्कार दिला होता, यात नवल नाही.

तमाशापट आता जुनाट वाटत नाहीत का?

बरेचसे वाटतात. ‘सांगत्ये ऐका’ वाटत नाही. अनंत माने यांचा हा चित्रपट 1959 मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे मुक्कामाला राहिला. जयश्री गडकर आणि हंसा वाडकर दोघीही त्यात आहेत, आणि वसंत पवारांच्या संगीतातल्या ढोलकीला तोड नाही. ‘पिंजरा’ (1972) मला अर्धाच आवडतो. रंगांचा आणि उपदेशाचा मारा जरा जास्त आहे. पण श्रीराम लागूंचा मास्तर ज्या पायरी-पायरीने खाली येतो ते पाहण्यासाठी मी तो पुन्हा लावते.

‘नटरंग’ (2010) या परंपरेतला, पण प्रश्न वेगळा विचारणारा. पैलवानी शरीराचा गुणा नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी शरीर कमावलं आणि मग उतरवलं, त्याची चर्चा खूप झाली. मला त्याच्या हातांकडे पाहा असं सांगायचं आहे. मजुरी करणारे ते राठ हात बोटाबोटाने लचकायला शिकतात.

‘सामना’ की ‘सिंहासन’?

‘सामना’. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, तेंडुलकरांची पटकथा, आणि 1975 मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत. ‘सिंहासन’ (1979) मोठा आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र विणल्या आहेत आणि मंत्रालयापासून गोदीपर्यंत सगळी मुंबई त्यात येते. पण ‘सामना’त दोनच माणसं आहेत, आणि तेवढी पुरतात. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि कुठून तरी भटकत आलेला दारुडा मास्तर. मारुती कांबळेचं काय झालं, एवढा एकच प्रश्न मास्तर धरून बसतो. तो पहिल्यांदा विचारला जातो तेव्हा हिंदुरावाला त्यात विशेष काही वाटत नाही, आणि मग तो प्रश्न सगळ्या गावात घुमायला लागतो. निळू फुल्यांनी हिंदुरावाला नुसता दुष्ट केलेला नाही. त्या माणसाला मास्तरबद्दल खरंच ओढ वाटते, आणि तिथेच तो फसतो. मराठीत दोन नटांची याहून तोलामोलाची झुंज मी पाहिलेली नाही.

‘सिंहासन’ निवडणुकांच्या दिवसांत पाहा. शेवटचं पत्रकार दिगू टिपणीसचं हसणं तेव्हा नीट ऐकू येतं.

‘अशी ही बनवाबनवी’ला तुम्ही अभिजात म्हणता का?

म्हणते, आणि जोर देऊन म्हणते. 1988 सालचा हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला आहे. पण वसंत सबनिसांनी संवाद लिहिताना तो पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणून असा बसवला की मूळ कुणाला आठवत नाही. घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) आणि भाडेकरू धनंजय माने (अशोक सराफ) यांचा सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. अशोक सराफ चेहऱ्यावरची एक रेषही हलवत नाहीत. सुधीर जोशी आधी ऐकतात, मग विश्वास ठेवतात, मग हादरतात, आणि या तिन्हींच्या मध्ये अर्ध्या-अर्ध्या सेकंदाची उसंत आहे. हशा त्या उसंतीत पिकतो. नव्या विनोदी चित्रपटांत नट एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवतात, मागे पॉं-पॉं वाजत राहतं, आणि हसायला जागाच उरत नाही. विनोद शिकणाऱ्या मुलांनी हा एक प्रसंग आवाज बंद करून पाहावा.

‘श्वास’नंतर मराठी सिनेमा खरंच बदलला का?

धीर आला, असं मी म्हणेन. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीत यायला पन्नास वर्षं लागली, आणि ते ‘श्वास’ने आणलं. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेला नातू आणि त्याला शस्त्रक्रियेच्या आधी जग दाखवायला दवाखान्याबाहेर नेणारे आजोबा. अरुण नलावड्यांच्या पाठीकडे पाहा, त्या दिवसभरात ती वाकत जाते. तंत्र साधं आहे, मधला दवाखान्याचा भाग थोडा लांबला आहे, आणि तरी डोळे कोरडे राहत नाहीत. पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘देऊळ’, ‘शाळा’ आले ते या धिराच्या जोरावर.

‘फँड्री’ चांगला की ‘सैराट’?

सर्वांत जास्त पत्रं या प्रश्नाची. (दोन्ही पाहिले नसतील तर हे उत्तर सोडून पुढे जा, यात शेवट सांगितले आहेत.)

माझं उत्तर ‘फँड्री’. नागराज मंजुळ्यांच्या या पहिल्या मोठ्या चित्रपटात शाळेजवळ डुक्कर पकडायचा प्रसंग आहे. जब्या या शाळकरी पोराचं अख्खं घर डुकरामागे धावतंय, वर्गातली पोरं मजा बघतायत, जब्या लाजेने भिंतीआड तोंड लपवतोय. डुक्कर हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. एक शब्द बोलला जात नाही. या देशाने जब्याला काय दिलं आणि त्याच्याकडून काय मागितलं, ते सगळं तेवढ्या मिनिटभरात येतं. पुढे डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई यांची चित्रं दिसतात. कॅमेरा तिथे थांबून बोट दाखवत नाही. शेवटचा दगड पडद्यावरून थेट आपल्याकडे येतो. थिएटरात माझ्या शेजारच्या बाईंनी खरोखरच मान खाली घातली होती.

‘सैराट’ (2016) शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट, आणि त्याचं यश मला मनापासून आवडलं. पूर्वार्धातली गाणी, विहीर, बुलेट चालवणारी आर्ची यांनी महाराष्ट्र वेडा झाला. माझा जीव मात्र उत्तरार्धात गुंततो, जिथे हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्चीला कळतं की पळून जाणं सोपं होतं, राहणं अवघड आहे. लाडात वाढलेली पाटलाची पोर तिथल्या घाणीने रडवेली होते, आणि प्रेमाची गोष्ट संसाराची होऊन जाते. शेवटी आवाज पूर्ण बंद. लहान मूल, त्याची पावलं, आणि काही नाही. झिंगाटवर नाचलेलं तेच थिएटर तेव्हा इतकं गप्प झालं होतं की पंख्यांची घरघर ऐकू येत होती. लोक उठलेच नाहीत.

‘सैराट’ मोठा आहे, ‘फँड्री’ नितळ आहे. मला नितळ जास्त काळ पुरतं.

‘कोर्ट’मध्ये काही घडतच नाही, मग इतकं कौतुक का?

घडतं, पण कोर्टाच्या गतीने. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाने 2014 मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळवले. एका लोकशाहिरावर खटला आहे: त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. दिवंगत वीरा साथीदार यांनी तो शाहीर केला आहे, आणि ते स्वतः चळवळीतले असल्यामुळे त्यात अभिनयाचा मागमूस नाही.

मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते ते दृश्य दोनदा पाहा. वय विचारल्यावर तिला सांगता येत नाही. नवरा गटारात उतरण्याआधी काय करायचा ते ती सरळ सांगते: आत खडा टाकायचा, झुरळ वर आलं तर खाली हवा आहे असं समजायचा. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. पुढे शाहिराचे वकील तिला पैसे देऊ करतात तर ती म्हणते, काम असेल तर सांगा. एवढ्यावर दुसऱ्या कुणी दहा मिनिटांचं रडं उभं केलं असतं.

कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवल्यामुळे हा चित्रपट कुणावर शिक्का मारत नाही. सरकारी वकीलबाई कोर्टातून निघून मुलाला घेतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, आणि आपल्याला त्यांची बाजूही दिसते. कंटाळा आला तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुढे पाहा, हरकत नाही. फक्त अर्धवट सोडू नका.

अलीकडचे कोणते पाहावेत?

‘स्थळ’ पहिला. जयंत सोमलकर यांनी विदर्भातल्या खेड्यात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. समाजशास्त्र शिकणाऱ्या सविताला बघायला पाहुणे येतात, पुरुष ओळीने बसतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. सुरुवातीलाच हा प्रसंग उलटा करून दाखवला आहे: बायका बसल्या आहेत आणि मुलगा मध्ये. तेव्हा हसू येतं. मग खरा कार्यक्रम सुरू होतो, एकदा, दोनदा, पुन्हा, आणि ते हसू घशात अडकतं. बोलण्यात अस्सल वऱ्हाडी लय आहे, आणि कापसाच्या भावाची चिंता लग्नाच्या चिंतेला चिकटून येते, जशी ती प्रत्यक्षात येते.

‘साबर बोंडं’ (रोहन कानवडे) 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, आणि बालपणीचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या हळुवारपणे मराठीत आलेलं मला आठवत नाही. त्यातली आई नीट पाहा. तिला ठाऊक आहे, आणि ती नातेवाइकांपासून मुलाला जपते.

‘वाळवी’ (2023): घट्ट विणलेली पटकथा, कुणाला काही न सांगता पाहा. ‘आत्मपॅम्फ्लेट’: शाळकरी प्रेमातून जातीपर्यंत हसत-खेळत नेतो, शेवटाकडे थोडा सुटतो. ‘बाईपण भारी देवा’: पसरट आहे, पण सहा बहिणींच्या भांडणात खोट नाही, आणि थिएटरात बायका घोळक्याने येऊन मोकळ्या झाल्या, हे मी पाहिलं आहे. ‘दशावतार’ (2025): ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांसाठी पाहा. चेहऱ्याला रंग लावणारा थकलेला बाबुली मला जास्त भावला, नंतरचा सूडाचा भाग कमी.

शिवकालावरच्या चित्रपटांबद्दल तुम्ही इतकं कमी का लिहिता?

कारण त्यातल्या बहुतेकांत मला माणूस दिसत नाही, घोषणा ऐकू येतात. विषयावर माझं प्रेम आहे म्हणूनच ही तक्रार आहे. मावळा भाकरी कशी खायचा, रात्री पहाऱ्यावर काय बोलायचा, हे दाखवणारा चित्रपट आला की पानभर लिहीन.

मराठी चित्रपट थिएटरात लागतो आणि कळायच्या आत उतरतो. काय करावं?

पहिल्या तीन दिवसांत जा. गेल्या वर्षी मी एका मल्टिप्लेक्सला सकाळी साडेनऊच्या खेळाला गेले. दिवसभरात तो एकच खेळ होता. आम्ही सात जण. पुढच्या आठवड्यात तो चित्रपट प्रतिसाद नाही म्हणून काढला. नोकरदार माणसाने कामाच्या दिवशी साडेनऊला यायचं तरी कसं? सोमवारी आकडे मोजले जातात, तेव्हा शुक्रवार ते रविवार खुर्चीत माणूस दिसला पाहिजे.

परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी कमी समजतं. त्यांना कोणता दाखवू?

‘किल्ला’ किंवा ‘श्वास’. दोन्हींत शब्दांवाचून पुष्कळ कळतं. ‘बनवाबनवी’ घाईने लावू नका. त्यातला विनोद भाषेचा आहे, आणि भाषांतराच्या पट्टीत तो मरतो.

कधी मत बदललं आहे का?

‘द डिसायपल’बद्दल बदललं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो कोरडा वाटला आणि तसं मी लिहिलंही. शरद नेरूळकर शास्त्रीय गायक व्हायला आयुष्य लावतो आणि त्याचं गाणं चांगल्यापर्यंत येऊन थांबतं. नायकाला काहीच मिळत नाही, याचा मला राग आला होता.

दोन वर्षांनी पुन्हा पाहिला. रात्री रिकाम्या रस्त्यावर शरद मोटारसायकल चालवतोय, कानात माई या थोर गायिकेच्या जुन्या ध्वनिफिती. साधनेबद्दलचं ते कठोर, शांत बोलणं सुमित्रा भावे यांच्या आवाजात आहे. ‘दोघी’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ करणाऱ्या सुमित्राताई 2021 च्या एप्रिलमध्ये गेल्या, आणि मी दुसऱ्यांदा ऐकत होते ते त्यानंतर. या वेळी मला शरदच्या चेहऱ्यावरचा आनंद दिसला. मैफलीत तो कधीच इतका सुखी नसतो. त्याला गाणं मिळालं नाही, पण ऐकणं मिळालं होतं, आणि ते मी पहिल्या खेपेला पाहिलंच नव्हतं. जुना अभिप्राय मी काढून टाकलेला नाही, नवा त्याच्याखाली लिहिला आहे.